मामाचा पंचेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मेट्रोत असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत एका कानात इअरफोन घालून बसला असाल, तर आवाज जरा वाढवा. मागच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: 'घरी फोटो एडिटिंगसाठी स्वस्तातला पीसी बांधायचाय, काय काय घेऊ?' याचं उत्तर मी पार्ट्सची यादी वाचून दोन मिनिटांत देऊ शकतो. पण अशी यादी मी आधी एकदा केली होती आणि ती चुकली होती. म्हणून आज ती गोष्ट सांगतो. यादी त्यातच येईल.

माझे मामा फोटोग्राफर आहेत. सांगली जिल्ह्यात विटा आहे ना, तिथे. रिळाच्या काळापासूनचे. पूर्वी बाजारपेठेत गाळा होता. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली, भाडं थांबेना, मग गाळा सोडला आणि घरातली बाहेरची खोली हाच स्टुडिओ झाला. पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, बारशी, आणि सीझनला लग्नं. कॉम्प्युटर जुना, दहाएक वर्षांचा. चालू केला की मामी चहा टाकायच्या, चहा पिऊन होईपर्यंत डेस्कटॉप दिसायचा.

मे २०२३ मधलं एक लग्न मामांनी शूट केलं. अल्बम मात्र लगेच होत नाही. फोटो सिलेक्ट करून द्यायला लोक तीन-तीन महिने लावतात, तसंच झालं. इकडे कार्ड एकच. तीन दिवसांनी पुढचा मुहूर्त, म्हणून मामांनी फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि कार्ड फॉरमॅट केलं. ऑगस्टमध्ये त्या घरातून फोन आला. नवरीचे आजोबा गेले होते. लग्नात त्यांचा चांगला फोटो निघाला होता, फेटा बांधलेला. तेराव्याला तो मोठा करून लावायचा होता.

मामांनी कॉम्प्युटर चालू केला. आतून टक, टक, टक असा आवाज आला. हार्ड डिस्क गेली होती.

मी पुण्यात असतो, म्हणून डिस्क माझ्याकडे पाठवली. डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली. त्याने सांगितलं की हेड बिघडलंय आणि तबकडीवर चरे पडलेत, काही निघणार नाही. शेवटी मामांनी नमुन्याला म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेले चाळीसेक फोटो सापडले. त्यात आजोबांचा एक होता. पण व्हॉट्सॲपने तो बारीक करून पाठवलेला, लांब बाजू १६०० पिक्सेल.

आता जरा गणित करू, कारण पुढे सगळीकडे हेच लागणार आहे. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. त्यांना हवी होती १२ बाय १८ इंचांची फ्रेम, तिला ५४०० पिक्सेल लागतात. शेवटी पोस्टकार्डाएवढाच फोटो नीट निघाला. मामांनी लग्नाचा ॲडव्हान्स परत केला. त्या घरचे काही बोलले नाहीत. मामा म्हणाले, "बोलले असते तर बरं झालं असतं."

माझी पहिली यादी

दिवाळीला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "नवीन कॉम्प्युटर बांधून दे. पंचेचाळीस हजार आहेत, वर एक रुपया नाही."

मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला. एका रात्रीत शीट तयार केली. त्यात सगळ्यात मोठा आकडा होता ग्राफिक्स कार्डचा. सेकंडहँड कार्डं तेव्हा स्वस्त मिळत होती, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि मायनिंगला लावलेली कार्डं लोकांनी विकायला काढली. मला वाटलं, काय डील मिळालंय!

मामांनी शीट बघितली. चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "ह्यात फोटो कुठं ठेवायचे?"

माझ्या यादीत एक ५०० जीबीची एसएसडी होती, बस्स. ज्या माणसाची डिस्क जाऊन दोन-तीन महिने झाले होते, त्याला मी गेमिंग पीसी विकत होतो. शीट पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी पार्ट्सकडे न बघता मामांच्या कामाकडे बघून.

काम किती जड आहे?

पासपोर्ट फोटो घ्या. ४ बाय ६ च्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात. तो कागद ३०० डीपीआयने म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल, जेमतेम दोन मेगापिक्सेल. हे काम तुमचा फोनसुद्धा करेल.

आता लग्नाचा करिज्मा अल्बम घ्या. दोन पानं उघडली की १२ बाय ३६ इंच. म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तर एक लेयर साधारण ११७ एमबीचा. बॅकग्राउंड, फुलं, नवरा-नवरीचे चार फोटो, नावं, असे दहा पूर्ण लेयर झाले की एक जीबीच्या वर गेलं. त्यात अनडू करण्यासाठी सॉफ्टवेअर जुन्या अवस्था लक्षात ठेवतं, बाजूला ब्राउझर उघडा असतो, शिवाय विंडोज आहेच. ८ जीबी रॅमचा पीसी इथे धापा टाकतो. १६ जीबीवर निवांत चालतं. ३२ असेल तर छान, पण अशा कामाला ते अत्यावश्यक नाही.

आणि ग्राफिक्स कार्ड? उजेड वाढवणं, क्रॉप, रंग सुधारणं, चेहऱ्यावरचा डाग काढणं, पानं मांडणं, हे काम बहुतेक प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. व्हिडिओ एडिटिंग, एआयने नॉईज काढणं किंवा गेम्स असतील तर कार्डचा खरा फायदा दिसतो. मामा यातलं काहीच करत नाहीत.

दुसरी यादी

आकडे नोव्हेंबर २०२३ चे आहेत, काही वस्तू ऑनलाइन आणि काही मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलेल्या. अंदाजे सांगतो.

प्रोसेसर, रायझन ५ ५६००जी: १२,०००. सहा कोर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच. कूलर डब्यातच मिळतो. इथे एक सापळा आहे. ५६०० नावाचा, शेवटी 'जी' नसलेला प्रोसेसरही मिळतो. त्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड न घेता तो आणलात तर सगळं जोडून झाल्यावर स्क्रीन काळीच राहील. इंटेलमध्ये उलटं आहे. आय३ १२१०० मध्ये ग्राफिक्स असतं, १२१००एफ मध्ये नसतं. एक अक्षर नीट वाचा.

मदरबोर्ड: ६,०००. बी४५० चिपसेटचा. हे बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुने, त्यामुळे त्याचं बायोस अपडेट असावं लागतं. दुकानदाराला सांगितलं तर तो तिथेच करून देतो.

रॅम: ३,५००. १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधलाच तुकडा घेतं. दोन पट्ट्या असल्या की रस्ता दोनपदरी होतो आणि फरक खरंच जाणवतो.

एसएसडी, ५०० जीबी एनव्हीएमई: ३,०००. विंडोज, सॉफ्टवेअर आणि सध्या चालू असलेलं काम यावर.

हार्ड डिस्क, १ टीबी: ३,५००. झालेलं काम यावर.

बाहेरची पोर्टेबल डिस्क, १ टीबी: ४,५००. हिच्याबद्दल पुढे बोलतो.

एसएमपीएस: ३,०००. ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नका. विट्याला पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते-येते. तो धक्का आधी एसएमपीएस खातो. तो फालतू असेल तर पुढे बोर्ड आणि डिस्क खातात.

मॉनिटर, २२ इंची आयपीएस, फुल एचडी: ८,५००.

यूपीएसची नवीन बॅटरी: १,०००. जुना यूपीएस चांगला होता, फक्त बॅटरी संपली होती. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणली आणि बदलली.

बेरीज करा, बरोबर पंचेचाळीस. कॅबिनेट, कीबोर्ड, माउस जुनेच. कॅबिनेटमधून एक झुरळ आणि पाव किलो धूळ निघाली, ते सोडा. विंडोजचं लायसन्स या हिशोबात नाही, ते भाच्याकडून दिवाळीची भेट.

आता महत्त्वाचं. हे आकडे आज जसेच्या तसे धरू नका. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव जोरात चढलेत आणि एसएसडीही महागल्यात. म्हणून आकड्यांपेक्षा क्रम लक्षात ठेवा. आधी फोटो सुरक्षित ठेवायची सोय, मग मॉनिटर, मग रॅम, आणि प्रोसेसर त्यानंतर. यातूनही उरलं तर ग्राफिक्स कार्ड.

बजेट अजून कमी असेल तर ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप बघा. पण आठव्या पिढीच्या आतले इंटेल घेऊ नका. विंडोज ११ अधिकृतपणे त्यांच्यावर चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आठव्या पिढीचा आय५ घ्या, त्यात एसएसडी आणि १६ जीबी रॅम घाला, काम होतं. आणि काहीही घ्या, जीएसटी बिल मागा. बिल नाही तर वॉरंटीच्या वेळी तुम्ही कोण आणि दुकानदार कोण!

मॉनिटरवर एवढे पैसे का?

मामांचा जुना मॉनिटर टीएन पॅनलचा होता. मान थोडी हलवली की रंग बदलायचा. खाली वाकून बघितलं तर नवरी सावळी, ताठ बसलं तर गोरी. कोणता रंग खरा? आयपीएस पॅनलमध्ये बाजूने बघितलं तरी रंग बराचसा तोच राहतो. घेताना स्पेसिफिकेशनमध्ये एसआरजीबी किती टक्के आहे ते बघा. ९९-१०० च्या आसपास हवं. काही ठिकाणी एनटीएससी लिहिलेलं असतं. तिथे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के दिसलं तर सोडून द्या.

नवीन मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा फार उजळ आणि जरा निळसर असतो. तुम्ही उजळ स्क्रीन बघून फोटो गडद करता आणि लॅबमधून प्रिंट काळपट येते. मग लॅबवाल्याशी भांडण. कॅलिब्रेट करायचं यंत्र मिळतं, पण आमच्याकडे पैसे नव्हते. आम्ही काय केलं? मॉनिटरचं कलर टेंपरेचर ६५०० वर ठेवलं. खिडकीकडे तोंड होतं ते फिरवलं. मग एकाच फोटोची लॅबमधून ४ बाय ६ प्रिंट काढून आणली, स्क्रीनशेजारी धरली आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. शंभरावरून पस्तिसाला आला. खर्च एका प्रिंटचा. शास्त्रशुद्ध नाही, पण त्यानंतर काळपट प्रिंट आली नाही.

जोडताना झालेली फजिती

पीसी जोडणं अवघड नाही. लोखंडाच्या कॅबिनेटला आधी हात लावायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज जाते. या रायझनला पिना प्रोसेसरच्याच खाली असतात. त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. कूलरला पेस्ट लावलेलीच असते. रॅम दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. नंतर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते.

हे सगळं मी घरच्या दहा जणांसमोर, लाडू खात, समजावून सांगत केलं. मग बटण दाबलं. पंखे फिरले, लाईट लागली, स्क्रीन काळी. अर्धा तास गेला. रॅम काढून बसवली, केबल बदलली. भाची म्हणाली, "दादा, यूट्यूबवर बघायचं का?"

मामा मागे शांत उभे होते. म्हणाले, "रिळाच्या कॅमेऱ्यात असं व्हायचं. रीळ दात्यात बसलं नसलं तरी आकडा पुढं सरकतो, खटका वाजतो, सगळं चालू वाटतं. फोटो मात्र एक येत नाही. एखादी वायर राहिलीय का बघ."

राहिली होती. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी वेगळी पॉवरची केबल असते, ती मी लावलीच नव्हती. लावली, आणि स्क्रीनवर लोगो आला. बीटेकची डिग्री त्या दिवशी घरात कोणी काढली नाही, हे त्यांचे उपकार.

सॉफ्टवेअर

मामांच्या जुन्या पीसीवर कोणीतरी 'टाकून दिलेलं' फोटोशॉप होतं. तुम्हाला कळलं मी काय म्हणतोय ते. नवीन पीसीवर ते टाकायला मी नाही म्हटलं. कायद्याचा भाग आहेच, पण क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथूनच रॅन्समवेअर आत येतं. मग सगळ्या फोटोंना कुलूप आणि समोर पैशांची मागणी. एकदा डिस्क गेलेल्या माणसाला परत त्याच रस्त्याने कशाला न्यायचं?

रोजच्या कामाला फोटोपी पुरतं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, जाहिराती दिसतात, पीएसडी फाइल उघडतं, त्यामुळे अल्बमची जुनी टेम्पलेट्स वाया गेली नाहीत. आणि फोटो कुठे अपलोड होत नाहीत, काम आपल्याच मशीनवर होतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्ससाठी डार्कटेबल, बाकी गिंप. दोन्ही फुकट. मामांनी पहिले पंधरा दिवस मला रोज फोन केला. सोळाव्या दिवशी फोन आला नाही, तेव्हा मला काळजी वाटली. लग्नसराईत ते महिन्याभरासाठी फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन घेतात आणि त्या कामाच्या बिलात तो खर्च धरतात.

आणि ती बाहेरची डिस्क

बॅकअपचा प्रसिद्ध नियम आहे ३-२-१ चा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. हिशोब करा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५ एमबीची धरली तर लग्नाचे दोन हजार फोटो म्हणजे ५० जीबी. विट्याच्या नेटवरून एवढं क्लाउडवर चढवायचं तर मुहूर्त काढावा लागेल. म्हणून आम्ही देशी पद्धत केली.

लग्नावरून आलं की फोटो एसएसडीवर, त्याच रात्री हार्ड डिस्कवर कॉपी. दोन्ही ठिकाणी दोन-चार फोटो उघडून बघायचे, नुसता आकडा बघायचा नाही. अल्बम घरी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. एक कार्ड जास्तीचं घेतलं, ते मामांनी नंतर स्वतःच्या कमाईतून घेतलं. आणि दर रविवारी सगळं बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क राहते माझ्या आईकडे, दोन गल्ल्या सोडून, कपाटात. मामांची बहीणच ती. रविवारी डिस्क घेऊन जातात, चहा पितात, परत येतात. आई म्हणते, "या डिस्कमुळे तरी भाऊ दर आठवड्याला घरी यायला लागला."

मागच्या मे महिन्यात मामांनी जागा करायला म्हणून एक फोल्डर उडवलं. एसएसडीवरून आणि हार्ड डिस्कवरूनही. दुसऱ्या दिवशी कळलं की ते झालेलं काम नव्हतं, चालू काम होतं. एक अख्खं बारसं. पूर्वी असता तर मला रात्री फोन आला असता. त्या दिवशी मला काही कळलंच नाही. मामा चप्पल घालून आईकडे गेले, डिस्क आणली आणि तासाभरात फोल्डर जागेवर. मला हे आईने आठ दिवसांनी सांगितलं, तेही सहज, भाजी निवडता निवडता.

तर मंडळी, पीसी बांधा, जरूर बांधा. काही अडलं तर कमेंटमध्ये तुमचं बजेट आणि काम लिहा, नुसतं 'बेस्ट पीसी सांगा' लिहू नका. पण त्याआधी एक काम, आज रात्रीच. हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्यात आजी-आजोबांचे फोटो असतील. त्यातले दहा निवडा आणि दुसऱ्या कुठेतरी ठेवा, पेनड्राइव्हवर, भावाच्या लॅपटॉपवर, कुठेही. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पिक्सेल कमी होत नाहीत.

दहा मिनिटांचं काम आहे. करून टाका. भेटू पुढच्या भागात.